पसारा, मी आणि एक दिवा

जुलैत मावळातल्या कुठल्याही घरात डोकावा, बाहेरचं सगळं आत आलेलं दिसेल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली दोरी आणि तिच्यावर परवाचे, अजून दमटच असलेले कपडे. दारामागे ठिबकणारे रेनकोट. बुटांत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. पडवीत गमबूट, खताची रिकामी पोती, लावणीवरून आलेल्या कुणीतरी टेकवून ठेवलेलं इरलं. आता इरल्याच्या जागी बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद असतो, एवढाच फरक. माळा गळायला लागला म्हणून खाली उतरवलेल्या ट्रंका, त्यांच्यावर चिक्कीचे खोके, ज्यांत चिक्की सोडून सगळं सापडतं: सुया-दोरे, लाइटबिलं, मोडक्या चष्म्याच्या काड्या. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. घरात माणसांनी राहायचं की कपड्यांनी वाळायचं, असा प्रश्न पडावा असे ते चार महिने.

या पसाऱ्याचे फोटो काढायला लोणावळ्याला कोणी येत नाही. येतात ते प्री-वेडिंगवाले. धुकं, लोहगड, पवनेचं पाणी, लांबलचक गाऊन, आणि कॅमेऱ्याच्या मागे उभा असलेला एक पोरगा, ज्याचं कामच मुळी चपला, पाण्याच्या बाटल्या आणि हौशी मामा फ्रेममध्ये येऊ न देणं हे. फोटोच्या धंद्यातली निम्मी मेहनत पसारा हटवण्यात जाते.

काही फोटोग्राफर मात्र बरोबर उलटं करतात. स्वतःच्या घरातला पसारा आणखी वर काढतात, त्याच्या मधोमध स्वतः जाऊन बसतात आणि लग्नाच्या स्टेजला शोभेल असा दिवा त्यावर लावतात. दाराच्या मागचा रेनकोट आणि ट्रंकेवरची पोती एखाद्या दरबारी चित्रातल्या मखमलीच्या पडद्यासारखी उजळतात. गंमत अशी, की हे करताना ते एकही वस्तू आवरत नाहीत, तरी फोटोत घर विस्कटलेलं वाटत नाही. सगळं जागच्या जागी असल्यासारखं दिसतं. आवरण्याचं काम दिवा करतो. कसं, ते बघू.

आधी डोळ्याची एक लबाडी लक्षात घ्यायला हवी. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, दोनेक अंशांचं. बाकीची खोली मेंदू अंदाजाने भरून काढतो, आणि रोजच्या वस्तूंच्या बाबतीत तर भरण्याचीही तसदी घेत नाही. म्हणून सोफ्यावरचा कपड्यांचा ढीग तिसऱ्या दिवशी दिसेनासा होतो आणि पाहुणे येणार म्हटलं की एकदम प्रकट होतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. तो सुरकुतलेल्या उशीला आणि तुमच्या चेहऱ्याला सारखंच महत्त्व देतो. घरात सहज काढलेला फोटो पाहून ‘अरे, आपलं घर असं आहे?’ असं होतं ते त्यामुळे. म्हणजे डोळा जी निवड करतो, ती कॅमेऱ्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी लागते. ती करतो उजेड, आणि त्याहून जास्त अंधार.

म्हणूनच या कामाची सुरुवात मुद्दाम काळाकुट्ट फोटो काढून होते. लोणावळ्यातली भांगरवाडी घ्या, पावसाळी दुपार घ्या, ट्यूबलाइट चालू. कॅमेरा तिपाईवर. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, शटर १/२०० सेकंद. या मापाला घरातला उजेड शंभर पटीच्या वर अपुरा पडतो. बटण दाबलं की स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नाही. आत्ता डोळ्यांना दिसणारी दोरी, ट्रंक, ट्यूब, सगळं नाहीसं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांनी एकदा जरूर करावं. भर दुपारी आपलं घर पुसून टाकता येतं, हा अनुभव साधा नाही.

आता या काळ्या पाटीवर फ्लॅश टाकायचा. फ्लॅशचा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, बऱ्याचदा त्याहूनही थोडा टिकतो. शटर १/२०० ला उघडं असो की सेकंदाच्या चौथ्या भागापर्यंत, तेवढ्यात फ्लॅश येऊन गेलेलाही असतो. त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याचं त्याला सोयरसुतक नसतं. त्याला अडवतं किंवा आत घेतं ते अ‍ॅपर्चर. घरातल्या दिव्याचं तसं नाही. तो सतत झिरपत असतो, शटर जितकं उघडं तितका तो आत येतो. म्हणजे एकाच फोटोत दोन नळ मिळाले: एकाने फ्लॅश कमीजास्त करायचा, दुसऱ्याने घरचा दिवा. १/२०० वरून सेकंदाच्या चौथ्या भागावर आलात की फ्लॅश होता तेवढाच राहतो आणि घरचा उजेड पन्नास पट होतो. देवघरातला पिवळा दिवा मागून हळूच वर येतो. आपण मात्र तेवढा वेळ हलायचं नाही, नाहीतर कडेला भुतासारखी सावली उमटते. काहीजण ती मुद्दाम उमटवतात.

दुसरी जादू अंतराची. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. चौपट झालं की सोळावा हिस्सा. दिवा चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून दोन मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक सोळांश उजेड पोचतो. भिंतीवरची दोरी, कपडे, कॅलेंडर, सगळं अंधारात विरघळतं आणि त्या गर्दीत फक्त माणूस उरतो. आता तोच दिवा मागे, चेहऱ्यापासून तीन मीटरवर न्या. भिंत साडेचार मीटरवर गेली, पण तिला चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मा उजेड मिळतो आहे. पसारा उठून पुढे आला. एकही वस्तू हलवलेली नाही, दिव्याचा स्टँड मागे सरकला एवढंच. ‘मी पसाऱ्यातून बाहेर आलोय’ आणि ‘मी पसाऱ्यात बुडालोय’ या दोन विधानांत अडीच मीटरचं अंतर आहे, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात मागे नेलेल्या दिव्याला तेवढाच उजेड चेहऱ्यावर पाडायला छत्तीस पट जोर लागतो. छोटे बॅटरीवरचे फ्लॅश इथे धापा टाकतात.

तिसरी गोष्ट ऐकायला चमत्कारिक वाटते. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, तरी फोटोग्राफर त्याला लहान दिवा समजतात. कारण तो पंधरा कोटी किलोमीटरवर आहे आणि आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. लहान दिव्याची सावली काठावर कापल्यासारखी पडते. पसाऱ्यात अशा शंभर सावल्या पडल्या की ढिगाच्या वर आणखी एक सावल्यांचा ढीग होतो. उलट दोन फुटांचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा दिवा, चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणला की तो पन्नासहून अधिक अंश व्यापतो, म्हणजे सूर्याच्या शंभर पट रुंद. सावल्यांचे काठ विरतात. दिवा किती मोठा यापेक्षा तो आपल्याला किती मोठा दिसतो, यावर सगळं ठरतं. मावळावर ढग उतरले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली जवळजवळ पडतच नाही. पावसाळ्यात इथल्या डोंगरांचे रंग एवढे गाढ का दिसतात, याचं एक कारण हेही.

एकाच मोठ्या दिव्याने पसारा कसा आवरता येतो, हे पाहायला स्टुडिओत जायचीही गरज नाही. कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत जावं. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे चैत्यगृह, सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद, पश्चिमेला तोंड. आत कोरीव खांबांची रांग, खांबांवर हत्ती आणि स्वार, छताला लाकडी कमानी, आणि त्या लाकडी कमानी मूळच्याच. इतक्या तपशिलांनी नजर भांबावून जायला हवी. पण उजेडाची वाट मुख्यतः एकच, दारावरची नालाच्या आकाराची प्रचंड खिडकी. तिथून उजेड वरून, तिरका येतो, मधल्या दालनातून जाऊन स्तूपावर पडतो आणि बाजूच्या वाटा अंधारात ठेवतो. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तूंच्या अभ्यासकाने कार्ल्याच्या या प्रकाशयोजनेचं तोंड भरून कौतुक केलं आहे. ज्यांनी ती योजली, त्यांना काय दाखवायचं हे ठाऊक होतं, आणि काय झाकायचं हेही.

लेण्यांवरून खाली उतरलं की रेल्वेच्या बाजूला मळवली. लोणावळ्याच्या पुढचंच स्टेशन, लोकल थांबते, फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांत भारतातल्या घराघरांच्या भिंतींवर जे देव टांगले गेले, त्यांतले कितीतरी या गावातून निघाले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि प्लेगच्या दिवसांत, १८९९ च्या सुमारास, मळवलीला आला. रंगाचा एकेक थर वेगळ्या दगडावर, आणि दगडामागून दगड एकाच कागदावर अचूक बसवत लक्ष्मी, सरस्वती छापल्या जात. रविवर्म्यांनी छापखाना लवकरच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, तरी नाव तेच चाललं. १९७२ मध्ये आग लागून तो संपला.

याच छापखान्याच्या कामावर लोणावळ्यात आणखी एक माणूस उभा राहिला. धुंडिराज गोविंद फाळके. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करून पाहिलेला, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी सोडलेली. १९०६ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढलं आणि रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं काम घेतलं. पुढे हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाई. हाफटोन म्हणजे काय, तर उजेड-अंधाराचं भाषांतर ठिपक्यांत करणं. चेहऱ्यावरची सावली मोठ्या ठिपक्यांची, कपाळावरचा उजेड बारीक ठिपक्यांचा. शाई एकच, काळी. सिनेमा काढण्याच्या कितीतरी आधी हा माणूस इथे, या दमट हवेत, उजेड किती आणि अंधार किती याची रोज मोजदाद करत होता. फाळक्यांच्या चरित्रात लोणावळ्याला एखाद-दुसरी ओळ मिळते. मला ते अन्यायाचं वाटतं.

पुढे दादरला बिऱ्हाड आणि तिथेच सगळा संसार सिनेमात. १९१२ मध्ये भांडवलदारांना पटवायला त्यांनी जी पहिली फिल्म केली, ‘अंकुराची वाढ’, तिचा नायक घरातल्या कुंडीतला अंकुर. रोज थोडं थोडं, एकेक फ्रेम टिपत महिनाभराहून अधिक काळ केलेलं चित्रण, पडद्यावर मिनिटभराचं. तेव्हा चित्रण उन्हातच व्हायचं, आणि ऊन कॅमेऱ्याला सोयीचं पडत नाही. मग सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, ऊन वळवून सावलीतल्या चेहऱ्यांवर टाकायला. याच बाई फिल्म धुवायला आणि तिच्या कडेला भोकं पाडायला शिकल्या, आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही बघत. घरातली चादर, घरातली बाई, घरातला मुलगा; ‘राजा हरिश्चंद्र’ मधला रोहिताश्व त्यांचा भालचंद्रच. आज ज्याला रिफ्लेक्टर म्हणतात आणि जो घडी घालून पिशवीत मावतो, तो या घरी दोरीवर वाळत पडलेला असायचा.

आणि १९१७ मध्ये फाळक्यांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या फिल्मचे तुकडे आजही पाहायला मिळतात. त्यात फाळके दिग्दर्शन करताना दिसतात, फिल्म हातात धरून निरखताना दिसतात. हे सगळं ते रोज करतच होते, पण इथे कॅमेऱ्यासाठी पुन्हा करत आहेत, समोरून उजेड येईल असे बसून. आपल्याच कामाच्या पसाऱ्यात आपणच पात्र. मांडलेलं आत्मचित्र म्हणजे नेमकं हेच.

मांडलेलं म्हणजे खोटं, असा एक आक्षेप नेहमी येतो. तो फोटोग्राफीइतकाच जुना आहे. हिप्पोलाइत बायार या फ्रेंच गृहस्थाने कागदावर फोटो काढण्याची स्वतःची पद्धत शोधली होती, पण शोधाचा मान मिळाला दागेर या दुसऱ्या फ्रेंच माणसाला. मग १८४० मध्ये त्याने स्वतःचाच फोटो काढला: डोळे मिटलेले, अंग उघडं, कमरेला वस्त्र, बाजूला गवती टोपी. सोबत मजकूर असा की उपेक्षेमुळे या बिचाऱ्याने बुडून जीव दिला. तेव्हाचे फोटो क्षणात निघत नसत, त्यामुळे हे ‘प्रेत’ बराच वेळ निश्चल बसून होतं. फोटोग्राफी जेमतेम वर्षाची असताना तिने पहिली थाप मारली, ती आत्मचित्रात. जेफ वॉल या कॅनडाच्या कलावंताने १९७८ मध्ये ‘द डिस्ट्रॉइड रूम’ केलं. फाडलेली गादी, उलटे ड्रॉवर, कपड्यांचा खच. चोरी झाल्यासारखी खोली. ती स्टुडिओत बांधलेली होती, एकेक चपलेची जागा ठरवून, आणि चित्रातल्या दारातून भिंतीला दिलेले टेकू सरळ दिसतात. त्याने ते झाकले नाहीत.

खरा पसारा फोटोत पसाऱ्यासारखा दिसतच नाही, ही यातली मेख आहे. प्रत्यक्षात कपड्यांचा ढीग म्हणजे एकात एक गुंतलेले राखाडी डोंगर. कॅमेऱ्यात त्याचा लगदा होतो. म्हणून काही कडा बाहेर काढाव्या लागतात, लाल रुमाल वर आणावा लागतो, छत्रीची मूठ उजेडात येईल अशी वळवावी लागते. आणि प्रत्येक पदार्थ उजेडाशी वेगळं वागतो. घोंगडी उजेड गिळून टाकते. तिला तिच्या कडेने उजेड द्यावा, तर लोकरीचे तंतू दिसतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या समोरून बघवत नाहीत, पण मागून दिवा लावला की निळ्या-गुलाबी पेटतात. ओला रेनकोट स्वतःचा रंग सोडून दिव्याचा रंग घेतो.

सगळ्यांत बेरकी ते स्टीलचे डबे. स्टीलला स्वतःचं रूप नसतंच म्हणा, समोर जे असेल ते त्याचं रूप. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, हा शाळेतला नियम, पण डबा गोल असल्याने तो जवळजवळ अख्खी खोली परत पाठवतो. फळीवर बारा डबे असतील तर बारा सॉफ्टबॉक्स, बारा तिपाया आणि बारा तुम्ही. जवळ जाऊन पाहा: मधल्या उभ्या पट्टीत पांढरा चौकोन, त्याच्या शेजारी काळी काडी म्हणजे स्टँड, आणि कडेकडे सगळं घर आक्रसून बसलेलं. डबा स्टीलचा दिसावा म्हणून जाहिरातवाले त्याच्या भोवती पांढरा कागद उभा करतात, म्हणजे खोलीऐवजी कागद दिसतो. आत्मचित्र काढणाऱ्याने तो कागद काढून टाकावा. फुकटची बारा आत्मचित्रं का सोडायची?

स्वतःला फोकस करणं हा आणखी वेगळा व्याप. आपण कॅमेऱ्यामागे असताना आपल्या जागी कुणी नसतं, म्हणून तिथे केरसुणी उभी करतात, तिच्यावर फोकस करून तो कुलूपबंद करतात, टायमरच्या दहा सेकंदांत पळत जाऊन केरसुणी काढून स्वतः बसतात. चेहऱ्यावर धावण्याचा दम न दिसू देणं हा अभिनयाचा भाग. हल्ली मोबाइलवरून बटण दाबता येतं. तो हातातला मोबाइल मग पसाऱ्यातच लपवायचा.

घराला स्टुडिओचे दिवे लावण्याचा भव्य प्रकार लोणावळ्याने आणखी एक पाहिला आहे. हिंदी ‘बिग बॉस’चं घर २०१९ मध्ये गोरेगावला जाण्यापूर्वी बरीच वर्षं इथेच होतं. त्यात आरसे भरपूर आणि आरशांमागे कॅमेरे. घरात लख्ख उजेड, काचेमागे काळोख, म्हणून आतल्यांना आरसा दिसतो आणि कॅमेऱ्याला माणूस. तिथले लोक भांडी आणि ओले टॉवेल यांवरून भांडायचे, हे योग्यच होतं. पण त्या उजेडाचा हेतू काही लपू नये हा. सगळीकडून सारखा उजेड, सावली नाही, म्हणून निवडही नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कॅरी मे वीम्स ही अमेरिकी छायाचित्रकर्ती. १९९० ची ‘किचन टेबल सिरीज’, वीस फोटो. तिचं स्वतःचं स्वयंपाकघर, एक टेबल, त्यावर टांगलेला एकच दिवा, आणि बहुतेक सगळ्या फोटोंत ती स्वतः: कधी प्रियकराबरोबर, कधी मैत्रिणींबरोबर, कधी मुलीबरोबर, कधी एकटी. टेबलावरच्या वस्तू बदलतात, दिवा बदलत नाही. भिंती जवळजवळ अंधारात. एवढ्या ऐवजावर तिने एका बाईच्या आयुष्याची गोष्ट सांगितली आहे.

आणि आपल्याकडे पुष्पमाला एन. बंगळुरूच्या या कलावतीने क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीबरोबर २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. रंगवलेले पडदे, साड्या, दागिने, स्टुडिओचे दिवे, आणि मूळ चित्रातल्या बाईच्या जागी स्वतः पुष्पमाला. त्यात रविवर्म्यांची चांदण्यातली स्त्री आहे, आणि रविवर्मा प्रेसच्या छापील चित्रावरून केलेली लक्ष्मीही आहे. मळवलीच्या दगडांच्या नावाने घरोघर गेलेली लक्ष्मी शंभर वर्षांनी हाडामांसाची होऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, कमळासकट.

ते छापील चित्र मावळातल्या जुन्या घरांत अजून सापडतं, बहुधा माळ्यावर, चौकट किडलेली, कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके. पसाऱ्यातल्या आत्मचित्रात ते घ्यायचं म्हटलं की काच आडवी येते: फ्लॅशचा पांढरा डाग नेमका देवीच्या तोंडावर. दिवा हलवायची गरज नाही. तसबिरीच्या वरच्या कडेमागे एक काडेपेटी सारायची, म्हणजे ती किंचित पुढे कलते. काच जितके अंश कलते त्याच्या दुप्पट अंशांनी डाग सरकतो, तेव्हा बहुतेक वेळा एक काडेपेटी पुरते. जुन्या जड चौकटीला दोन लागतात.